रिक्षावाले काका आणि एक फोटो

सिडकोकर
आमच्या चौकातले एक काका रिक्षातून शाळेची पोरं सोडतात. गेल्या महिन्यात रडणाऱ्या मुलीला उचलून रिक्षात बसवताना कोणीतरी गॅलरीतून फोटो काढला आणि 'पोरं पळवणारा, सावध राहा' असं लिहून ग्रुपवर सोडून दिला. मुलगी त्यांची नात! शाळा नको म्हणून भोकाड पसरलेलं. संध्याकाळपर्यंत फोटो नाशिकभर, पाथर्डी फाट्यापासून सातपूरपर्यंत. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी खात्री करून काकांना सोडलं, पण नऊपैकी सहा पालकांनी रिक्षा बदलली. असले फोटो सोडणाऱ्यांना सरळ आत टाका.

गोदाकाठ
बदनामीचा कायदा आहेच की. पूर्वी दंड संहितेचं कलम ५००, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६. दोन वर्षांपर्यंत कैद. पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे काकांनीच कोर्टात तक्रार करायची, वकील द्यायचा आणि धंदा बुडवून तारखांना जायचं. हे कलम वापरतं कोण? ज्याला वकील परवडतो तो. मी एका बिल्डरबद्दल ग्रुपवर लिहिलं, ताबा नाही, पाणी टँकरचं. आठ दिवसांत नोटीस दारात. नुसतं खरं असून भागत नाही, लोकहितासाठी बोललो हेही दाखवावं लागतं. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं हा कायदा कायम ठेवलाय. अजून कडक करा म्हणजे आम्ही तोंडच उघडायला नको!

सिडकोकर
तुम्हाला नोटीस आली, राईनपाड्यात माणसं गेली. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारले.

गोदाकाठ
तो खून, त्याला खुनाचं कलम. आणि त्या अफवेत कोणाचं नाव होतं? बदनामीचा कायदा तिथे लावणार कसा? असो. गॅलरीतला कोण ते कळलं का? टाका नाव इथेच.

सिडकोकर
एक नाव कानावर आलंय. टाकणार नाही. तोही निघायचा दुसराच कोणी.

दोन_मुलांची_आई
त्या सहांतली मी एक. फोटो खोटा आहे हे मलाही कळलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, विस्तवाशिवाय धूर निघतो का? उद्या काही झालं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, आईला कळायला नको होतं का. आम्ही कोणाची बदनामी केली नाही, फक्त रिक्षा बदलली.

सिडकोकर
ताई, राग तुमच्यावर नाही. काका आता रात्री नाशिकरोड स्टेशनची भाडी मारतात, एवढंच सांगतो. एक विचारू? तो फोटो तुम्ही पुढे पाठवला होता?

दोन_मुलांची_आई
माहेरच्या ग्रुपवर. काळजीपोटी.

सिडकोकर
मग खोटा निघाला हेही कळवलंत ना तिथे?

दोन_मुलांची_आई
राहून गेलं.