शब्दचर्चा: कॉमिक्सचं 'ओरिजिनल' म्हणजे मूळ, अस्सल की आणखी काही?

बोरूबहाद्दर

कॉमिक्सचे छापील अंक जमवणं आणि त्या अंकांसाठी चित्रकाराने हाताने काढलेली पानं जमवणं, हे दोन निरनिराळे नाद. दुसऱ्याला सगळे 'ओरिजिनल कॉमिक आर्ट' म्हणतात. त्यावर मराठीत लिहायला बसलोय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय. 'मूळ चित्र' म्हटलं की भिंतीवरचं सुटं चित्र वाटतं. 'मूळ प्रत' म्हटलं की पहिली आवृत्ती. 'ओरिजिनल' तसंच ठेवावं तर घोळ आणखी वाढतो, कारण आपल्याकडच्या जुन्या पुस्तकवाल्यांच्या तोंडी 'ओरिजिनल इंद्रजाल' म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा झेरॉक्स नसलेला, पुनर्मुद्रण नसलेला, त्या काळात छापलेला अंक. नेटवर शोधलं तरी असेच अंक ढिगाने समोर येतात आणि हाताने काढलेलं पान एकही दिसत नाही. छपाईतलं, चित्रकलेतलं किंवा नुसतं शब्दांच्या नादी लागलेलं कोणी असेल तर सुचवा.

चकटफू

आद्यचित्र?

अनुवादिनी

नको हो. 'आद्य' म्हणजे सगळ्यांत पहिलं. आणि हे पान पहिलं नसतंच. त्याच्या आधी कागदाच्या कपट्यांवर कच्चे खर्डे झालेले असतात, मग पेन्सिल, मग शाई. आपल्याला हवंय ते छपाईला गेलेलं पान.

दुसऱ्या भाषांनी काय केलंय ते बघा. फ्रेंचमध्ये 'प्लांश ओरिजिनाल' म्हणतात. प्लांश म्हणजे फळी, आणि कॉमिक्सच्या संदर्भात अख्खं पान. जपानीत 'गेंगा', म्हणजे सरळसरळ 'मूळ चित्र'. दोघांनीही विशेषण साधंच ठेवलं. फ्रेंचांनी नामाला 'चित्र' न म्हणता 'पान' म्हटलं, आणि मला वाटतं तुमचं उत्तर तिथेच आहे. 'मूळ पान' म्हणा. दैनिकातल्या मालिकेसाठी 'मूळ पट्टी', वेष्टनासाठी 'मूळ मुखपृष्ठ'. सगळ्याला मिळून एकच शब्द हवा असेल तर 'मूळ चित्रकाम'. शिवणकाम, नक्षीकाम यांच्या पंगतीला बसेल.

छापखाना

माझं आयुष्य छपाईत गेलं. आमच्याकडे याला 'आर्टवर्क' म्हणत, ते बाजूला ठेवू. पण 'मूळ' हा शब्द मला पचपचीत वाटतो. मराठीत यासाठी धारदार जोडी तयार आहे: अस्सल आणि नक्कल. इतिहासाच्या अभ्यासात 'अस्सल कागदपत्रं' म्हणजे त्या काळी, त्या माणसाने लिहून पाठवलेलं पत्र. त्याची उतरवून घेतली ती नक्कल. तलाठ्याकडे आजही आपण सातबाऱ्याची नक्कलच मागतो, अस्सल तिथेच राहतं. कॉमिक्सचा छापील अंक ही नक्कल, चित्रकाराचं पान हे अस्सल. शब्द घरात असताना बाहेर कशाला जायचं?

ओहायोकर

काका, जोडी सुंदर आहे, पण या नादात ती फसवेल. इथे 'अस्सल' आणि 'मूळ' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अस्सल विचारतं, 'हे त्याच चित्रकाराच्या हातचं आहे का?' मूळ विचारतं, 'छापलेलं पान यावरूनच निघालं का?' पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं सर्रास होतं.

सगळ्यांत ठसठशीत उदाहरण टिनटिनचा चित्रकार एर्जे याचं. टिनटिनच्या 'ब्लू लोटस'चं एक मुखपृष्ठ त्याने १९३६ मध्ये रंगवलं. ते छापणं फार महाग पडेल म्हणून बाजूला पडलं आणि पुस्तकावर दुसरं, सोपं चित्र आलं. हे नाकारलेलं, घड्यांच्या खुणा अंगावर असलेलं चित्र जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. अस्सल? शंभर टक्के. छापलेल्या मुखपृष्ठाचं मूळ? नाही.

बाजारात रोज दिसणारी उदाहरणं याहून साधी. एखादा ज्येष्ठ चित्रकार म्हातारपणी आपलंच गाजलेलं मुखपृष्ठ एखाद्या चाहत्यासाठी पुन्हा काढून देतो. त्याला 'रिक्रिएशन' म्हणतात. चाहत्याने सांगून काढून घेतलेलं नवं चित्र म्हणजे 'कमिशन'. दोन्ही अस्सल, दोन्हींवर खरी सही, आणि दोन्हींचा भाव छापल्या गेलेल्या पानाच्या मानाने सहसा फार खाली. विकणारा दोघांनाही 'ओरिजिनल' लिहितो आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नसतो.

उलट बाजूने बघा. हल्ली कितीतरी पानांची पेन्सिल एका गावात होते. ती स्कॅन करून पाठवतात, आणि शाई चढवणारा त्या स्कॅनच्या फिक्या निळ्या छपाईवर शाई चढवतो. म्हणजे एका छापील पानाला दोन कागद: एकावर नुसती पेन्सिल, दुसऱ्यावर नुसती शाई. मूळ कोणतं? संग्राहक यावर हमरीतुमरीवर येतात. दोन्ही कागद एका हाती आले की हायसं वाटतं, एवढंच.

चकटफू

कमिशनला 'फर्माइशी चित्र' म्हणा. दलालीचा वास जातो.

अनुवादिनी

चकटफू, हा खरोखर चांगला आहे. घेतला. रिक्रिएशनला मी 'पुन्हा काढलेलं' एवढंच म्हणेन. 'पुनर्निर्मिती' ऐकलं की किल्ल्याचा बुरूज आठवतो.

छापखाना

ओहायोकर, मुद्दा मान्य. पण मग 'अस्सल' फेकू नका, त्याच्या जागी बसवा. सही खरी आहे का, हात खरा आहे का, तिथे 'अस्सल'च. 'मूळ' तिथे चालणार नाही. 'मूळ सही' असं कोणी म्हणतं का?

आता छपाईच्या बाजूने सांगतो. छपाईला गेलेलं पान ओळखायला सही शेवटी बघायची. आधी कागदावरच्या खुणा बघा. पान छापील पानापेक्षा मोठं असतं. अमेरिकी कॉमिक्समध्ये साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेखाटनाची जागा साधारण १२ बाय १८ इंच असे, पुढे १० बाय १५ झाली. फिकी निळी पेन्सिल दिसते, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नसे, त्यामुळे खोडायची गरज नव्हती. चुकलेल्या रेघेवर सफेदा लावलेला असतो. संवादाचे फुगे किंवा शीर्षक वेगळ्या कागदावर करून चिकटवलेले असतील तर रबर सोल्युशनचे पिवळे डाग पडलेले असतात. समासात पान क्रमांक आणि संपादकाची खरड, मागच्या बाजूला शिक्के. नवखा माणूस या डागांना खराबी समजतो. ज्याला हे पान नसून काम आहे असं दिसतं, तो डागांसाठीच पैसे मोजतो. गुळगुळीत, डागविरहित, छापील आकाराएवढंच 'मूळ पान' कोणी दाखवलं तर मी आधी भिंग काढीन. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. नाही दिसली तरी निर्धास्त होऊ नका, आताचे चांगले प्रिंट ठिपके दाखवत नाहीत.

ओहायोकर

सफेद्यावरून आठवलं. स्पायडरमॅनची पहिली कथा ज्या अंकात आली त्या अंकाची, स्टीव्ह डिटकोने काढलेली २४ मूळ पानं २००८ मध्ये एका निनावी माणसाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. त्या पानांवर सफेदा आणि पेन्सिलीच्या सूचना दिसतात, आणि कथा कुठे बदलली याचा तर्क अभ्यासक त्यावरूनच करतात. त्याच नायकाच्या १९८४ च्या एका कथेतलं, काळ्या पोशाखाचं एकच पान (चित्रकार माइक झेक) जानेवारी २०२२ मध्ये ३३.६ लाख डॉलरला विकलं गेलं. तसं पाहता ते आतलं साधं पान, मुखपृष्ठसुद्धा नव्हे.

आणि हीच पानं एकेकाळी कचरा होती. प्रकाशकांना छपाईनंतर त्यांचं काय करावं कळत नसे. चित्रकार जॅक कर्बीला आपली पानं परत मिळवायला मार्व्हल या प्रकाशकाशी काही वर्षं झगडावं लागलं. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं परत आली. त्याने काढलेल्या पानांच्या मानाने हे फारच थोडं.

बोरूबहाद्दर

'मूळ पान' जवळजवळ पक्कं करतो. पण माझं घोडं इंद्रजालपाशीच पेंड खातंय. वेताळाच्या (म्हणजे अमेरिकी 'फँटम'च्या) एखाद्या इंद्रजाल अंकाचं मूळ पान शोधायचं तर काय शोधू?

छापखाना

ते नाहीच, शोधू नका!

चेष्टा नाही. इंद्रजालमधल्या वेताळाच्या कथा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत येणाऱ्या पट्ट्या होत्या. त्या इथे कापून, चौकटी मागेपुढे करून, पानाच्या मापात बसवल्या जात. म्हणजे आपण वाचलेलं ते पान त्या रूपात कोणी काढलंच नव्हतं. त्याचं मूळ म्हणजे तीन-चार सुट्या पट्ट्या, त्याही तिकडच्या. १९६१ पासून पुढची तीसेक वर्षं त्या सी बॅरी या चित्रकाराच्या हातच्या. इथलं मूळ काय असेल तर मुखपृष्ठ, कारण ती इथे रंगवली जात. त्यांतली पुष्कळशी गोविंद ब्रह्मानिया यांची. बहादूरची गोष्ट निराळी. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला आणि ब्रह्मानियांनी काढलेला तो नायक इथलाच, तेव्हा त्याची आतली पानंही इथेच काढलेली.

म्हणून तुमच्या लेखात 'मूळ पान' आणि 'मूळ पट्टी' वेगळं ठेवा. वेताळाच्या बाबतीत पहिला शब्द चुकीचाच ठरेल.

बोरूबहाद्दर

काका, दंडवत. इतकी वर्षं ते अंक वाचले आणि हे कधी डोक्यात आलं नाही. ओहायोकर, मग पट्टी शोधायची कशी?

ओहायोकर

तारखेने. रोजच्या पट्टीच्या एखाद्या चौकटीत महिना आणि दिवस लिहिलेला असतो, वर्ष कॉपीराइटच्या चिठ्ठीवर. कथेचं अमेरिकी नाव आणि ती वर्तमानपत्रात कधी चालली ते काढा, मग चित्रकाराचं नाव आणि तारीख टाकून शोधा. 'वेताळ' किंवा 'इंद्रजाल' टाकून काही हाती लागणार नाही, कारण विकणाऱ्याला ही नावंच ठाऊक नसतात.

शोधायच्या जागा: 'कॉमिक आर्ट फॅन्स' या संकेतस्थळावर संग्राहक आपापली पानं लावतात. बहुतेक विकाऊ नसतात, पण कोणतं पान कोणाच्या भिंतीवर आहे ते कळतं. भाव बघायला डॅलसच्या हेरिटेज या लिलावघराचे जुने लिलाव. खातं उघडलं की आधीच्या विक्रीच्या किमती फुकट दिसतात आणि चित्रं मोठी करून पाहता येतात. विकत काही घ्यायचं नसलं तरी नुसतं तेवढं बघण्यात रात्र जाते. आमच्या कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचं बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालय आहे, त्यांची चित्रांची सूचीही नेटवर शोधता येते.

आणि सूचीतल्या शब्दांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवा. 'अमुक, आफ्टर तमुक' असं असेल तर ते तमुकचं नाही, तमुकच्या चित्रावरून अमुकने काढलेलं आहे. फ्रेंच लिलावात 'देदिकास' म्हणजे पुस्तकावर सही करताना चाहत्याला काढून दिलेलं छोटं चित्र, 'क्रेयोने' म्हणजे पेन्सिलीचा कच्चा खर्डा, आणि 'तिराज' म्हणजे छापील प्रत, भले क्रमांक टाकून सही केलेली असो. आपल्याकडेही प्रिंटवर सही घेतात आणि पुढे तोंडी तोंडी त्याचं 'ओरिजिनल' होतं. मारिओ मिरांडांची चित्रं गोव्यात प्रिंटच्या रूपात घरोघरी आहेत. ती लावणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, फक्त दोन हातांतून फिरली की शब्द बदलतो.

मालकीचा माग लेखी मागा. चित्रकाराकडून कोणाकडे, तिथून कोणाकडे.

चकटफू

म्हणजे फेरफार नोंदी.

अनुवादिनी

काकांचा तलाठी काही सुटत नाही.

एक भर घालते, कारण 'मूळ प्रत' हा शब्द आपण फार लवकर निकालात काढला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. रंगचित्र, शिल्प, रेखाचित्र यांची मूळ कलाकृती दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकली गेली, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. अट अशी की त्या कामाच्या हक्कांचा पहिला मालक तो स्वतः असायला हवा. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांना ती अट बहुधा आडवी येते. गंमत म्हणजे तिथला इंग्रजी शब्दप्रयोग शब्दशः 'ओरिजिनल कॉपी' असा आहे. मूळ आणि प्रत एकाच श्वासात. तेव्हा बोरूबहाद्दर, लेखात कायद्याचा भाग येणार असेल तर तिथे 'मूळ प्रत' म्हणजे पहिली आवृत्ती नव्हे, असं एक वाक्य घाला.

आणि पान विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही, हेही घाला. पानाची मालकी वेगळी, छपाईचा हक्क वेगळा.

चकटफू

सगळं ठीक. पण आता बरेच जण टॅब्लेटवर काढतात. त्यांच्या कॉमिक्सचं मूळ पान कुठे शोधायचं?

ओहायोकर

कुठेच नाही. फाइल असते, पान नसतं. काही चित्रकार म्हणूनच निदान मुखपृष्ठ तरी कागदावर काढतात, कारण पानं विकून येणारा पैसा हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. काही जण फाइलची एकच प्रत छापतात, सही करतात आणि 'एकातली एक' म्हणून विकतात.

छापखाना

ती छापील प्रतच. एक छापली काय आणि हजार छापल्या काय.

अनुवादिनी

काका, यावर वेगळा धागा काढा. इथे भांडण लागेल.