मदत हवी आहे: मातीच्या ट्रॅकवर गाडी सकाळी पकडते, दुपारी घसरते. ट्रॅक सुधारू की गाडी?

उमरेडरोडवाला:
नमस्कार मंडळी. नागपूरहून उमरेडकडे जाताना मित्राच्या घरचं पडीक वावर आहे. तिथे आम्ही हौशी लोकांनी छोटा डर्ट ट्रॅक आखलाय. दोन डावी वळणं, एक लांबलचक उजवं, शेवटी हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं अरुंद वळण. एका वेळी एकच गाडी सोडतो, स्टॉपवॉच लावून. जमीन काळी, वर मुरमाचा पातळ थर. माझी जुनी एस्टीम आहे, 1.3, फ्रंट व्हील ड्राइव्ह, डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा, वळताना त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर) कंपनीचंच.

सकाळी दव असतं तेव्हा गाडी म्हणाल तिथे वळते. ऊन चढलं की फुफाटा सुरू. दुपारपर्यंत वळणाच्या आतल्या बाजूची माती घासून घासून काचेसारखी होते आणि सुटा मुरूम बाहेरच्या कडेला बांधासारखा साचतो. स्टिअरिंग कितीही पिळा, नाक सरळच जातं. आतलं चाक जागीच गरगर फिरतं.

टँकरने पाणी मारूनही पाहिलं. वर निसरडा गारा झाला, बोटभर खाली मात्र ठणठणीत कोरडं. त्यात तो गारा रिमच्या आतून असा काही चिकटला की सरळ पट्ट्यात स्टिअरिंग थडथडायला लागलं. सगळे म्हणाले ॲक्सल गेला. रिम खरवडली तर बंद.

तर आधी टायर, हवा, सस्पेन्शनमध्ये हात घालू की जमीन नीट करू? एका मित्राने अमेरिकन स्प्रिंट कारचे (मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या पंखवाल्या रेस गाड्यांचे) व्हिडिओ पाहून मागे उजवीकडे मोठं आणि डावीकडे लहान टायर लावायचं डोक्यात घेतलंय, त्यात काही दम आहे का? शिवाय आधी सुटणाऱ्याला फायदा की मागून सुटणाऱ्याला, यावरून दर वेळी वाजतं. तेही सांगा.

पाना_दहाबारा:
मित्राला आधी आवरा, भाऊ. स्प्रिंट कारला मागे डिफरन्शियलच नसतं. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला जखडलेली, आणि ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, आयुष्यभर डावीकडेच वळायचं. उजव्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून तिकडे जास्त घेराचं टायर. याला स्टॅगर म्हणतात. तेही पृष्ठभाग पाहून बदलतात: माती ओलसर आणि पकडणारी असली तर जास्त, कोरडी घोटलेली असली तर कमी, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ जोर लावते. तुमच्याकडे उजवं वळणही आहे, आणि मागची चाकं तर मोकळीच फिरतात. त्यांच्या घेराने गाडी वळणार नाही. चालकासकट साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, 6.7 लिटरचं मिथेनॉलवर चालणारं इंजिन, डोक्यावर 25 चौरस फुटांचा पंख, अशा गाडीचा सेटअप एस्टीमला उचलून लावण्यात काय अर्थ?

तुमचा खरा त्रास आतल्या चाकाचा. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाखाली पकड नाही ते नुसतं फिरतं आणि दुसऱ्यालाही ताकद मिळत नाही. पक्का इलाज लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, ते एका चाकाला असं नुसतं फिरू देत नाही, पण खिसा रिकामा होईल. स्वस्तात करायचं तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) मोकळा करून पाहा. आतलं चाक जमिनीवर टेकून राहील. गाडी जास्त कलेल, कलू द्या. ओल्या मातीत मात्र पकड भरपूर असते, तिथे हाच मऊपणा नडतो आणि गाडी डुलते.

टायर मोकळ्या खाचांचे घ्या, म्हणजे गारा बाहेर फेकला जातो. घोटलेल्या मातीवर रबराच्या ठोकळ्यांवर बारीक आडवे काप दिले तर कडा वाढतात आणि रबर थोडं चावतं. हवा जराशी कमी चालेल, फार उतरवली तर वळणात टायर रिमवरून सुटेल. आणि एअर फिल्टर दर वेळी झटकाच. फुफाटा इंजिन खातो.

वखरवाला:
काहून गाडीले दोष देता राजेहो, जमीन पाहा न! काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी पडलं की फुगते आणि वरचे छेद बंद होतात, मग खाली ओल जातच नाही. म्हणून तुमच्याकडे वर गारा आणि खाली कोरडं. मुरमाला स्वतःची बांधणी कमी. वर नुसता पसरला तर चाकाखाली गोट्यांसारखा पळतो. थर देऊ नका, मातीत मिसळा.

आदल्या दिवशी संध्याकाळी वरवर कल्टिव्हेटर मारा. टँकर एकदम रिता करू नका, थोडं पाणी, थांबा, पुन्हा थोडं. रात्रभर मुरू द्या. सकाळी मूठभर माती दाबून पाहा: गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. हाताला चिकटली तर थांबा, वाफसा आला नाही. मग रोलर. त्यानंतर सगळ्या गाड्या हळू, पूर्ण रुंदीवर फिरवा, एकाच रेषेत नाही. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरही शर्यतीआधी गाड्या फिरवून माती बसवतात.

एवढं करून दुपारचं ऊन जिंकणारच. नॅस्कार या अमेरिकन रेसिंग संस्थेने 2021 मध्ये ब्रिस्टलच्या काँक्रीट ट्रॅकवर माती आणून टाकली होती. दिवसाउजेडी शर्यत, धुळीने पुढचं दिसेना, थांबलेली शर्यत पुन्हा सोडताना (रीस्टार्टला) गाड्या जोडीने नाही, एकामागे एक लावाव्या लागल्या. पुढच्या वर्षी शर्यत रात्री घेतली. त्यांच्याकडे पैशाची कमी नव्हती. तुम्ही सकाळी लवकर उरका, नाहीतर मधली सुट्टी घेऊन पाणी मारा.

नोट्सवाचक:
आधी कोण सुटायचं त्या वादाबद्दल. कोरड्या खडीच्या रॅलीत पहिली गाडी झाडूचं काम करते, सुटी खडी बाजूला सारते आणि मागच्यांना स्वच्छ रेषा मिळते. पाऊस असला की उलट, मागून येणाऱ्याच्या वाट्याला चाकोऱ्या आणि चिखल. तुमच्याकडे तर एकाच दिवसात दोन्ही होतंय, तेव्हा दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा आणि दोन्ही वेळा जोडा. भांडण संपेल.

कडेच्या मुरमाच्या बांधाबद्दल एक धोका सांगतो. अमेरिकेतले चालक त्याला कुशन म्हणतात आणि उजवं मागचं चाक त्याला टेकवून वेग काढतात. आडव्या घसरणाऱ्या एस्टीमचं चाक त्यात रुतलं तर गाडी उलटते. प्रत्येक फेरीनंतर तो बांध मोडून माती आत ओढा. रोल केज (गाडी उलटली तर छत दबू न देणारा आतला पाइपांचा सांगाडा), हेल्मेट, आग विझवायचं सिलिंडर आहे ना? इतरांना बोलावून स्पर्धा घेणार असाल तर आधी एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचे) नियम वाचा.

उमरेडरोडवाला:
केज आणि सिलिंडर आहे. बाहेरचं कोणी नसतं. स्टॅगरवाल्याला धागा पाठवला, तो गप्प आहे.

एक राहिलं. हेअरपिनला लागून शेजाऱ्यांची पऱ्हाटी आहे, बोंडं फुटलीत, आणि फुफाटा सगळा तिकडे जातो. काका अजून काही बोलले नाहीत, पण बोलतील. धूळ दाबायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात असं वाचलं. टाकू का?

वखरवाला:
टाकू नका. ते हवेतली ओल धरून ठेवतं हे खरं, पण आहे शेवटी मीठ, आणि पावसाळ्यात वाहून काकांच्याच वावरात उतरेल. धूळ बसलेल्या कापसाला भाव कमी मिळतो, तेव्हा काका बोलायच्या आधी तुम्हीच जाऊन भेटा. वेचणी कधी आहे विचारा आणि तोवर हेअरपिन बंद ठेवा. तेवढ्यात तिथली माती मुरूम मिसळून तयार होईल.