शब्दचर्चा : 'प्रभावी' म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत 'मोठा बी – छोटा बी' लिहायचा कसा?

माणगंगा :
आटपाडी-जत भागातल्या पशुपालकांसाठी दोन पानी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. जन्मतः बिनशिंगी असलेल्या वळूची रेतमात्रा शिंगाळ गाईला वापरली, तर वासरू बिनशिंगी होईल का, हे आधी कसं सांगता येतं, असा विषय आहे. शब्दांवर गाडं अडलंय. 'प्रभावी-अप्रभावी' लिहिलं की वाचणारा 'गुणकारी-बिनकामाचं' असा अर्थ घेतो. 'संकर' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे फक्त संकरित गाय येते. कोणती वासरं होऊ शकतात हे दाखवणाऱ्या चौकोनात अक्षरं कोणती घालायची, हेही ठरत नाही, कारण देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. आणि बिनशिंगी जनावराला 'भुंडं' म्हणावं का?

येरळाकाठ :
शेवटून सुरुवात करतो. 'भुंडं' नको. शिंग मोडलेल्या बैलालाही लोक भुंडाच म्हणतात आणि बांगड्या नसलेल्या हातालाही. तुम्हाला जन्मतः शिंगं नसणं एवढंच सांगायचंय. 'बिनशिंगी' ठेवा.

आता 'प्रभावी'. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलनं 1866 साली छापलेल्या निबंधात अप्रभावी लक्षणासाठी जो शब्द घेतला, त्याचा भाव 'मागे सरणारं' असा आहे. कारणही त्यानं दिलंय : संकरात ते लक्षण मागे सरतं किंवा पार दिसेनासं होतं, आणि त्याच्या संततीत जसंच्या तसं परत येतं. आपल्या 'अप्रभावी'त हे परत येणंच हरवलं. 'अ' लागला की मराठी माणूस 'नाही' एवढंच ऐकतो. म्हणून माझं मत असं, की शीर्षकात पाठ्यपुस्तकातला 'अप्रभावी' राहू द्या, नाहीतर नववी-दहावीची मुलं गोंधळतील. मजकुरात मात्र 'दडलेलं' लिहा. 'सुप्त'ही चालेल, पण सुप्त म्हटलं की ते पुढं त्याच जनावरात जागं होईल असं वाटतं. तसं होत नाही. जागं होतं ते पुढच्या पिढीत.

'प्रभावी' म्हणजे जास्त आढळणारं, ही दुसरी गैरसमजूत. तुमचंच उदाहरण ती मोडतं. गाईंमध्ये बिनशिंगीपणा प्रभावी आहे आणि शिंगं असणं अप्रभावी. तरी आपल्या भागात बघावं तिकडं शिंगंच. लक्षण किती आढळतं हे कळपात ते जनुक किती जनावरांत आहे यावर ठरतं. प्रभावी असणं एवढंच सांगतं, की जोडीत दोन्ही रूपं आली तर दिसेल कोणतं. माणदेशी खिलारात, म्हणजे आपल्या शिंगाळ देशी जातीत, बिनशिंगीपणाचं जनुक मुळात नाहीच, मग ते प्रभावी असून करणार काय?

कृष्णाकाठ :
अक्षरांचं बोलतो. वर्गात 'मोठा टी, छोटा टी' म्हणून वेळ मारून नेतात. मराठीत लिहिताना कुणी उंचला 'उ' आणि ठेंगूला 'ठ' घेतं, आणि तिथंच घोळ होतो. दोन वेगळी अक्षरं दिसली की मुलाला ती दोन वेगळी जनुकं वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच जनुकाची दोन रूपं असतात. एकच अक्षर दोन रूपांत हवं, आणि ते मराठीत आहे की : ह्रस्व-दीर्घ. प्रभावीला दीर्घ, दडलेल्याला ह्रस्व. बिनशिंगीसाठी 'बी' आणि 'बि' घ्या.

बीबी : बिनशिंगी, शुद्ध.
बीबि : बिनशिंगी दिसणारं, पोटात शिंगाचं जनुक बाळगणारं.
बिबि : शिंगाळ.

('बीबी' वाचून हसू येईल, येऊ द्या. 'शी-शि' घेतलं असतं तर वर्ग आवरला नसता.) लिहिताना दीर्घ नेहमी आधी, 'बिबी' आणि 'बीबि' असं दोन्ही लिहिलंत तर मोजणीत ते दोन प्रकार धरले जातात.

चौकोन भरायचा क्रम : वरच्या कडेला वळूची युग्मकं (शुक्राणू), डाव्या कडेला गाईची (अंडपेशी). युग्मकात जोडीतलं एकच रूप जातं, हे तिथं ठळक लिहा. बीबि वळू आणि बिबि गाय घेतली तर वर 'बी', 'बि'. डावीकडं फक्त 'बि'. निम्मी घरं बीबि, निम्मी बिबि. दोन्ही बीबि असतील तर चार घरांत बीबी एक, बीबि दोन, बिबि एक. दिसायला 3:1, जनुकांनी 1:2:1.

दोन लक्षणं एकदम घेतली की हमखास चूक होते. मेंडेलच्या वाटाण्यातला पिवळा-हिरवा रंग 'पी/पि', गोल-सुरकुतलेला आकार 'गू/गु' धरा. पीपिगूगु या रोपाची युग्मकं पीगू, पीगु, पिगू, पिगु अशी चारच. मुलं 'पीपि' आणि 'गूगु' अशी दोन करून मोकळी होतात. प्रत्येक जोडीतून एकेक अक्षर उचललंय का, एवढं तपासलं की चूक सापडते. मग 16 घरं आणि 9:3:3:1. मेंडेलला 556 दाण्यांत गोल-पिवळे 315, गोल-हिरवे 108, सुरकुतलेले-पिवळे 101, सुरकुतलेले-हिरवे 32 मिळाले. हिशोबानं पहिले 312.75 यायला हवेत. पाऊण दाणा कुठून आणणार? तिथूनच 'गुणोत्तर' आणि 'शक्यता' यांतला फरक सांगायला सोपं जातं.

येरळाकाठ :
ह्रस्व-दीर्घ झकास. गुणोत्तर-शक्यतेतला फरक मात्र नुसता सांगून भागणार नाही, पत्रकात आकडा घाला. '3:1' वाचून माणूस म्हणतो, चार वासरांत तीन बिनशिंगी येणारच. बीबि × बीबि जोड्यांची चार वासरं घेतली, तर नेमकी तीन बिनशिंगी आणि एक शिंगाळ येण्याची शक्यता सुमारे 42 टक्केच. चारही बिनशिंगी होण्याची जवळपास 32 टक्के. आधीची तीन बिनशिंगी झाली म्हणून चौथ्याची पाळी येत नाही. दर वेतात नव्यानं तीनास एक. म्हणून 'प्रमाण' नको, 'दर वासरामागे शक्यता' असं लिहा.

वारणाकाठ :
'संकर'वर भांडण आहे माझं. शास्त्रात दोन ठरावीक जनक जुळवणं हाच संकर, मग दोन्ही खिलार का असेनात. बोलीत संकरित म्हणजे विदेशी रक्ताची गाय. आणि 'हायब्रीड' तर ज्वारीलाच चिकटलाय. सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण 1964 चा. तेव्हापासून 'हायब्रीटची भाकरी' म्हणजे खरिपाची, रब्बीच्या मालदांडी ज्वारीहून कमी प्रतीची. मालदांडी हा सरळ वाण, त्याचं घरचं बी ठेवता येतं. संकरिताचं ठेवलं तर पुढच्या वर्षी धाटांची उंची आणि कणसं विस्कटतात, कारण बीबि × बीबि सारखंच गणित शेकडो जनुकांवर होतं.

तासगावकडं 'संकरित द्राक्ष' म्हणताना ऐकू येतं. तास-ए-गणेश ही तासगाव भागातली थॉम्सन सीडलेस या द्राक्षवाणातून केलेली निवड आहे, तिथं संकर झालाच नाही. वेलीवर वेगळी दिसलेली फांदी काडीनं वाढवली की ती 'निवड'. हळदीचंही तसंच. गड्डे लावून पीक घ्यायचं, मग चौकोन मांडायचाच कशाला? पत्रकात 'जुळणी' हा शब्द घाला : 'बिनशिंगी वळू व शिंगाळ गाय यांची जुळणी'. संकरित गाईचा गोंधळ तिथंच मिटतो.

आणि 'टक्के'. 'पंचाहत्तर टक्के रक्ताची' गाय म्हणतात ना, तो आकडा सरासरीचा असतो. पहिल्या पिढीत एचएफचे (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचे) 50 टक्के पक्के, कारण प्रत्येक जोडीतलं एक रूप बापाकडून आलंय. ती कालवड पुन्हा शुद्ध एचएफला दिली, की बापाकडचा अर्धा पक्का, आईकडून मात्र कमी-जास्त येतं. एका गाईला 75 हून थोडं जास्त, दुसरीला थोडं कमी.

माणगंगा :
'जुळणी' घेतो. 'चाचणी संकर'चं काय करू? वळू बीबी की बीबि हे ओळखायचं कसं, तेच पत्रकात मुख्य आहे.

कृष्णाकाठ :
'पारख जुळणी' म्हणा. दडलेल्या लक्षणाचं, म्हणजे बिबि जनावर समोर घ्यायचं, कारण त्याच्याकडून 'बि'शिवाय काही येऊच शकत नाही. वळूनं जे दिलं तेच वासरावर दिसतं. आपल्याकडं खिलार म्हणजे तयार बिबि. एक जरी शिंगाळ वासरू झालं, तर वळू बीबि, विषय संपला. सगळी बिनशिंगी झाली तर मोजा : वळू बीबि असूनही सलग 5 बिनशिंगी होण्याची शक्यता 32 त एक, 7 झाली तर 128 त एक. म्हणून पाचावर 'बहुधा शुद्ध', सातावर 'शुद्ध धरायला हरकत नाही'. तीनावर काहीच बोलू नये. आठात एक वेळा ते नुसत्या नशिबानंही होतं. 'पश्चसंकर' हा वेगळा शब्द, तो जनकाकडेच परत जुळवण्याला. शिंगाळ जनकाकडे परत गेलात तर दोन्ही एकच होतात, म्हणून लोक घालमेल करतात.

वारणाकाठ :
यात खरी फसगत मोजणीत होते. गोठ्यात लहानपणीच शिंगांचे कोंब डागलेली वासरं असतात. मोठेपणी ती हुबेहूब बिनशिंगी दिसतात. जनुकविधा, म्हणजे जनुकांची जोडी, बिबि ती बिबिच, डागण्यानं बदलत नाही, पुढच्या वासराला ती शिंगाचंच जनुक देणार. उलटीही चूक होते : काही बीबि वासरांना कातडीत बसलेली, हाताला हलणारी खुंटी येते. कवटीला ती पक्की नसते. ती शिंग म्हणून मोजलीत तर पारख जुळणीचा निकालच फिरतो. वासरू चार-सहा महिन्यांचं झाल्यावर टाळूच्या दोन्ही बाजू चाचपा, पहिले दोनेक महिने खऱ्या शिंगाचा कोंबही हलतो. टणक आणि न हलणारं तेच शिंग. शंका असेल तर नोंद पुढं ढकला, अंदाजानं भरू नका.

माणगंगा :
म्हणजे नोंदतक्त्यात 'स्वरूपविधा' (दिसणारं लक्षण) या भारदस्त रकान्याऐवजी तीन रकाने करतो : 'कोंब डागले का?', 'हाताला हलतं का?' आणि 'आईला शिंगं होती का?' शेवटच्यात 'माहीत नाही' हेही लिहायला जागा ठेवतो.