मदत हवी आहे : रेड वाईनमधलं टॅनिन आणि आंबटपणा वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,
सध्या नाशिकची शिराझ (रेड वाईन) आणि शेनिन ब्लांक (व्हाईट वाईन) शेजारी ठेवून नीट चाखायला शिकतोय. ग्लास तिसरा हिस्साच भरतो, पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघतो, मग न हलवता आणि हलवून असा दोनदा वास घेतो. शेनिनमध्ये पिकलेला पेरू अगदी स्पष्ट येतो, फार छान वाटतं.

अडतं ते घोट घेतल्यावर. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, तर द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या टॅनिनने हिरड्या आवळतात, जांभळं खाल्ल्यावर होतं तसं. पण शिराझमध्ये दोन्ही एकदम येतं, वर अल्कोहोलची घशातली ऊब. तिन्ही वेगळं कसं पकडता?

दुसरं, रेड १६ ते १८ अंशांना द्यावी म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच तिशीच्या वर असते. फ्रीजमध्ये किती वेळ ठेवता? फार गार झाली की टॅनिन जास्तच बोचतं आणि वास मिटून जातो.

नोंदी कशा ठेवता तेही सांगा. नुसते गुण देणं मला पटत नाही. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.