खुडूक कोंबडी, पिल्लं आणि जास्तीचे कोंबडे : तुमच्या घरचे अनुभव सांगा

पेडण्याची लेक
शुक्रवारी म्हापशाला पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करायला गेले होते. मिरच्या झाल्या, आमसुलं झाली आणि सुक्या मासळीकडे वळताना एका बाईपाशी कोंबड्या दिसल्या, पाय बांधून गोणपाटावर ठेवलेल्या. त्यातली एक पिसं फुलवून सारखी कुर्र कुर्र करत होती. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू बघणारी! कोणीतरी खुडूक कोंबडी विकायला काढली होती. मी तिथेच थबकले, पिशवी खाली ठेवली आणि आजी आठवली.

आजी खुडूक कोंबडी कधीच विकायची नाही. मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, अंधाऱ्या कोपऱ्यात पाटीत भाताचं तण (पेंढा) घालायची, कोळशाने प्रत्येक अंड्यावर रेघ मारायची म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधेच घातलेलं अंडं ओळखू यावं, आणि अंडी नेहमी विषम, अकरा किंवा तेरा. तणाखाली एक लोखंडी खिळा आणि लाल मिरची, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. कोंबडी रवणाला बसली की एकवीस दिवस आम्हा मुलांना मांगरात मोठ्याने बोलायचीही बंदी. विसाव्या दिवशी आजी अंडं कानाला लावायची आणि मग माझ्या कानाला. आतून टक टक. ते मी अजून विसरले नाही.

पण लिहायचं आहे ते पुढचं. तेरातली दहा फुटली तर त्यात पाच-सहा कोंबडे निघायचेच. तलंगा म्हणजे तरुण माद्या सगळ्यांना हव्या, शेजारीण आधीच सांगून ठेवायची मला दोन दे म्हणून. नरांना कोणी विचारत नसे. मी सात वर्षांची असताना एका तांबड्या पिल्लाच्या पायाला माझ्या परकराची चिंधी बांधली होती, हा माझा म्हणून. पाच महिन्यांनी घरात शाकुतीची तयारी सुरू झाली तेव्हा मी आजीपुढे जाऊन नुसती उभी राहिले. आजीने चिंधी बघितली आणि दुसरा धरला. माझा तांबडा चार वर्षं जगला.

आता गावी आईने कोंबडी बसवली आहे, आज एकोणिसावा दिवस. मे संपत आलाय, उशीरच झाला. मनात सारखं तेच आहे. तुमच्याकडे कसं करतात ते लिहा ना, पिल्लांचं आणि कोंबड्यांचंही.

सत्तरीचा
आमच्याकडे पण विषमच. आणि सातव्या-आठव्या दिवशी उजेडात बघायचं, पूर्वी आई दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरायची आता मोबाईलचा टॉर्च. लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसल्या की जीव धरलाय. नितळ दिसलं तर कोरं, काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात ते कुजतं आणि फुटलं तर सगळ्या पाटीला घाण. मागच्या वर्षी रवणातल्या कोंबडीखालची अंडी धामणीने खाल्ली, सकाळी बघतो तर कोंबडी बाहेर उभी राहून ओरडतेय आणि पाटीत धामण. तेव्हापासून पाटी जमिनीवर ठेवत नाही, वाशाला टांगतो.

पर्वरी फ्लॅट नं. ७
मिरच्या काय भावाने मिळाल्या गं? मी पुढच्या शुक्रवारी जाणार आहे

पेडण्याची लेक
@पर्वरी लवकर जा, दहानंतर भाव वाढतात. हरमलच्या मिरच्या शोधत होते, मिळाल्या नाहीत.

फोंड्याचा मशीनवाला
मी थर्माकोलच्या पेटीत मशीन केलंय, पंखा, बल्ब आणि थर्मोस्टॅट. ३७.५ अंश ठेवायचं, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवायची, त्यानंतर फिरवणं बंद आणि पाण्याची वाटी मोठी करायची कारण शेवटचे तीन दिवस हवेत ओल लागते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी घेत नाही, टोकाची बाजू खाली करून साठवतो. फ्रिजमधली अजिबात नको.

गेल्या जूनमध्ये सतराव्या रात्री वीज गेली ती सकाळी आली. मी आणि बायको आळीपाळीने जागलो, पेटीवर गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या कडेला लावल्या. वाटलं गेलं सगळं. पण तोवर पिल्लं आत बरीच वाढलेली असतात, त्यांची स्वतःची ऊब असते, आणि चोवीसपैकी सतरा निघाली! एक दिवस उशिरा निघाली एवढंच. बायको रडली. त्या सतरात कोंबडे अकरा. अकरा!! पिल्लांच्या आनंदात पहिले दोन महिने कळलं नाही, मग तुरे लाल व्हायला लागले आणि रोज मारामारी.

कुळागरातली वहिनी
अंड्याला टोच पडली आणि पिल्लू लगेच बाहेर येत नाही म्हणून कोणी कवच सोलू नका, हात जोडून सांगते. माझी मुलगी लहान असताना तिने माया करून सोललं, आतल्या पापुद्र्याच्या शिरा ओल्या होत्या, रक्त आलं, पिल्लू तासाभरात गेलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. टोच पडल्यापासून बाहेर यायला दिवसभरही लागतो. त्या वेळात पिल्लू बलक पोटात ओढून घेत असतं आणि त्याच बलकावर बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस काढतं. म्हणून पहिल्या दिवशी पिल्लं खात नाहीत म्हणून घाबरायचं पण नाही. पाणी मात्र ठेवायचं, उथळ ताटलीत, त्यात खडे घालून.

काणकोणचा काका
कोंबडे नको नको सगळे म्हणतात त्यांना सांगतो. आमच्या मागीलदारी बारा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे. घार आली तर त्याचा आवाज वेगळा, कुत्रा किंवा मुंगूस आला तर वेगळा. घारीचा आवाज दिला की कोंबड्या वर न बघता थेट केळीखाली पळतात. मुंगसाला ओरडतो तेव्हा त्या मान उंच करून उभ्या राहतात. हे मी वर्षानुवर्षं रोज बघतोय. किडा सापडला तर स्वतः खात नाही, उचलतो टाकतो उचलतो टाकतो आणि कुक कुक करून कोंबड्यांना बोलावतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आधीचा कोंबडा मुंगसापुढे उभा राहिला, पिल्लं वाचली, तो नाही वाचला. माडाच्या बुंध्याशी पुरला त्याला. खाल्ला नाही.

म्हापशाची सून
काका 🙏

आमच्याकडे उलट त्रास. घरं लागून लागून आहेत. कोंबडा साडेतीनला सुरू. शेजारच्या आजी येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "तुमचो कोंबो आमकां न्हिदूंक दिना," म्हणजे झोपू देत नाही. त्यांचे यजमान आजारी, त्यांचंही खरंच होतं. मग आम्ही रात्री त्याला बुटक्या पेटीत ठेवायला लागलो, मान पूर्ण वर करता येत नाही तर आवाज कमी होतो म्हणे. थोडा झाला. पण मला ते बघवेना, आठ दिवसांत बंद केलं आणि त्याला माहेरी डिचोलीला नेऊन सोडला, तिथे मोठी जागा आहे. सासूबाई अजून आठवण काढतात.

मडगावचा मास्तर
@म्हापशाची सून, अंधारात ठेवूनही तो आरवणारच. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले तरी साधारण दिवसाच्या ठराविक चक्रानेच आरवतात, घड्याळ त्यांच्या शरीरातच असतं. त्याच मंडळींनी नंतर असंही दाखवलं की कळपातला सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, क्रमाने. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली सर आमच्याकडे लहान कोंबडा आधी आरवला की मोठा त्याला चोचतो. तिने ते घरी बघितलेलं होतं.

सत्तरीचा
आमचा तर पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याला उत्तर देतो 😄 सायकल वळणावर आली की पों पों आणि हा लगेच आरवणार, पोदेर पुढच्या घराशी वाजवतो, हा परत. पोदेर पण मुद्दाम दोनदा जास्त वाजवतो त्याच्यासाठी

पर्वरी फ्लॅट नं. ७
किती गोड 😄 आमच्या इमारतीत पोदेर येतच नाही आता

फोंड्याचा मशीनवाला
अकरा कोंबड्यांचं काय केलं ते राहिलं सांगायचं, मध्ये गिऱ्हाईक आलं. एक सगळ्यात शांत होता तो ठेवला. दोन नातेवाइकांना दिले ज्यांच्याकडे कोंबड्या होत्या पण कोंबडा नव्हता. बाकीचे आठ वेगळ्या जाळीत ठेवले. कोंबडी समोर दिसत नसेल तर त्यांची भांडणं पुष्कळ कमी होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दिसलं ते सांगतो. मग पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर एकेक घरात शिजला, काही विकले. गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पण आधी एकत्र होते तेव्हा तीन माद्यांच्या पाठीची पिसं गेली होती, कातडी सोलली होती, सगळे कोंबडे त्याच त्याच माद्यांवर चढतात म्हणून. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे. जास्त ठेवणं म्हणजे माद्यांवर अन्याय आहे.

मांद्र्याची
आमच्या घरी एक कोंबडा दरवर्षी राखणेसाठी राखून ठेवतात. शेताच्या बांधावर राखणदाराला, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालून त्याचा बळी देतात. त्याला पिल्लू असल्यापासून वेगळं नाव नाही, वेगळं खाणं नाही, पण घरातलं कोणी त्याला ओरडत नाही की हाकलत नाही, तुळशीपाशी आला तरी. लहानपणी मला वाटायचं तो पाहुणा आहे. आता माझी मुलगी विचारते त्याला का द्यायचं. मी सांगते तिला, जेवढं मला कळतं तेवढं.

साखळीचा शाकाहारी
आमच्या काही घरांत आता राखणेला नारळ देतात. मोठी माणसं बसली, गाऱ्हाणं घातलं, देवाला सांगितलं. झालं. कोणावर टीका नाही, आमच्याकडचं सांगितलं.

मांद्र्याची
हो आमच्या वाड्यावर पण एकाने तसं केलंय. घरात विषय काढून बघते.

केप्याची ताई
विषय थोडा वेगळा पण सांगतेच. आमची एक कोंबडी इतकी खुडूक व्हायची की दगडावर पण बसायची. तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली. एकवीस दिवस झाले काही नाही, बावीस, तेवीस, घरातले म्हणाले फेकून दे. बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात, मी कॅलेंडरवर खूण केली होती, कोणाला हात लावू दिला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सहा पिल्लं. ती कोंबडी एवढे दिवस उठून फक्त खायला-हगायला जायची, अर्धी झाली होती. आणि मग पिल्लं विहिरीजवळच्या डबक्यात शिरली! ती काठावर येरझाऱ्या घालत ओरडत होती, पाण्यात पाय टाकायची परत घ्यायची. दुसऱ्या वेळी तिच्याखाली बदकाची अंडी नाही ठेवली मी. तिचे हाल नाही बघवले.

वाळपईचा पशुप्रेमी
पिल्लांचं लिहिताय तर लसीचं लिहा कोणीतरी. मानमोडी म्हणजे राणीखेत आला की आख्खं खुराडं तीन दिवसांत रिकामं. मान वाकडी होते, हिरवट हगतात. उपचार नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. लोक घेत नाहीत कारण कुपी शंभर डोसची आणि घरात पिल्लं दहा, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आम्ही वाड्यावरच्या सहा घरांनी मिळून कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या असं ठरवलं, म्हणजे पिल्लं एका वयाची. गुरांच्या दवाखान्यातून लस आणतो, बर्फाच्या डब्यातून. दोन वर्षं झाली एकही मानमोडीने गेलं नाही.

आणि @पेडण्याची लेक, पावसात पिल्लं येणार तर खाली भाताचं तूस घाला आणि ओलं झालं की लगेच बदला. ओलीत रक्ती हगवण लागते, विशेष करून तीन ते सहा आठवड्यांत. पहिली पाच-सहा आठवडे पिल्लं पावसात भिजू द्यायची नाहीत, आई असली तरी. सगळी एकदम तिच्या पंखाखाली मावत नाहीत.

कुळागरातली वहिनी
आणि वाळवी गोळा करायची असेल तर आत्ताच करा. मडक्यात शेण आणि काड्याकुटक्या घालून वारुळाशी पालथं घालायचं, सकाळी भरलेलं असतं. पिल्लं काय तुटून पडतात! एकदा पाऊस लागला की मिळत नाही. पहिल्या आठवड्यात कणी बारीक हवी, उकड्या तांदळाची असली तरी चालते.

जुने गोवेवाली
आमच्याकडे वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या कोंबड्या आहेत, इथल्या एलाच्या संशोधन केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणली होती. अंडी भरपूर देतात पण त्या खुडूक बसतच नाहीत बहुतेक. म्हणून उबवायला एक गावठी ठेवावीच लागते. कडकनाथचं पण तेच. आमची गावठी लहानशी आहे, वनराजाची अंडी मोठी, नऊच्या वर तिच्याखाली झाकत नाहीत, कडेची थंड पडतात. ज्यांना जास्त पिल्लांची हौस आहे त्यांनी कोंबडीचा आकार बघून ठेवा.

काणकोणचा काका
@पेडण्याची लेक, तुमच्या तांबड्याचं चार वर्षांनी काय झालं?

पेडण्याची लेक
काका, मोठ्या पावसात एक सकाळी खुराड्यात बसलेलाच होता. आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी. चिंधी पाय जाड झाल्यावर आजीनेच सोडवली होती, रुतेल म्हणून, आणि देवघराच्या फळीवर ठेवली होती. आईकडे असेल अजून, विचारते.

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. वहिनी, वाळवीचं आईला कळवलं, ती म्हणाली मडकं कालच लावलंय. पशुप्रेमी दादा, तुमचं लसीचं वाड्यावर सांगते, आईकडे अजून दोघींच्या कोंबड्या बसलेल्या आहेत. देव बरें करूं.

पर्वरी फ्लॅट नं. ७
मला वाचून एक कोंबडी पाळावीशी वाटतेय पण बाल्कनीत कुठे ठेवू 🥲

पेडण्याची लेक
@पर्वरी तू माझ्याबरोबर गावी ये, बघायला तरी. आत्ताच आईचा फोन येऊन गेला, दोन अंड्यांना टोच पडलीय, एक दिवस आधीच. फोन पाटीजवळ धरला होता तिने. कोंबडीचा आवाज बदललाय, ती आतल्या पिल्लांशी बोलायला लागलीय. मी सकाळची पहिली बस धरतेय, निघते आता, भांडी राहिलीत.