होळीनंतर कोकण किनाऱ्यावर मुक्कामी चाल: गरम कपडे न्यायचे की नाही?

जांभादगड
फाल्गुन लागला की केळशी ते मुरूड (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे) अशा मुक्कामी चालीच्या सामानाच्या याद्या फिरायला लागतात आणि पहिल्याच ओळीत स्वेटर, थर्मल, कानटोपी, हातमोजे. ही यादी डिसेंबरातल्या राजगडाची आहे. कुणीतरी ती उचलून समुद्रावर आणली, बाकीचे तीच पुढे ढकलतायत.

आकडे बघा. रत्नागिरीचं सरासरी किमान तापमान फेब्रुवारीत १९ अंशांच्या आसपास, मार्चमध्ये २१-२२, एप्रिलमध्ये २४-२५. एवढ्या तापमानाला पुण्यात पंखा लावून झोपतात. दुपारी पारा ३२-३३ वर, आणि दोन पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मधला सडा, म्हणजे कातळाचं पठार, हा जांभ्याचा तापलेला तवा, तो चढून उतरायचा. जाड जॅकेट ६०० ग्रॅम, थर्मलची जोडी ३५०, टोपी-मोजे-मफलर मिळून २५०. झाला की सव्वा किलो! तेवढ्या वजनात सव्वा लिटर पाणी येतं आणि सड्यावर लागतं ते पाणीच.

'होळी जळाली, थंडी पळाली' हे उगाच म्हणत नाहीत. माझी यादी: एक विंडचीटर, एक जास्तीचा सुती टीशर्ट, लुंगी, पंचा. संपलं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावं. 'असू दे बरोबर' हे कारण नव्हे.

मतलई
कारणं देतो, तीन आहेत.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तुम्ही झोपणार जमिनीवर, उघड्या आभाळाखाली. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीचा पृष्ठभाग पेटीतल्या आकड्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी खाली जातो. दव पडतं ते त्यामुळेच. शिवाय १९ ही सरासरी आहे. साधारण निम्म्या रात्री त्याहून गार असणार.

दुसरं, वारा. दिवसभर समुद्राकडून खारे वारे. संध्याकाळनंतर ते पडतात, थोडा वेळ सगळं स्तब्ध, आणि मध्यरात्रीनंतर डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. हा वारा नदीच्या खोऱ्यातून वाट काढत येतो. म्हणजे आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी, किंवा केळशीला भारजेच्या मुखाशी तंबू टाकला तर तुम्ही त्याच्या नळकांड्याच्या तोंडाशी झोपलात. पहाटे चार ते सात ही वेळ सगळ्यात वाईट.

तिसरं, तुमचा सुती टीशर्ट. सुती टीशर्ट सहज दोनशे ग्रॅम घाम धरून ठेवतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते. दोनशे ग्रॅमला ती एकशे पंधरा किलोकॅलरीच्या घरात जाते आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या अंगातून. चालताना शरीर झोपेतल्यापेक्षा तीन-चार पट उष्णता तयार करत असतं म्हणून ते जाणवत नाही. बसलात की जाणवतं. जास्तीचा टीशर्टही सुतीच, म्हणजे दवाने ओला झाला की तीच गत.

उपाय सव्वा किलोचा नाहीच. १०० वजनाची (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम कापड) पातळ फ्लीस (पॉलिएस्टरच्या लवदार कापडाचा ऊबदार अंगरखा) आणा, पूर्ण बाह्यांची, अर्धी चेन असलेली. दोनशे ते अडीचशे ग्रॅम. हातमोजे मात्र खरंच घरी ठेवा, तिथे आपलं एकमत.

जांभादगड
दव मान्य. पण तुम्ही जो शत्रू दाखवलात तो ओल आहे, गारवा नाही. मग गरम कपडा कशाला, कोरडा कपडा पुरे.

आणि जागा का बदलत नाही? सुरूच्या बनात झोपा. जमीन गार होते ती तिची उष्णता मोकळ्या आभाळात जाते म्हणून. डोक्यावर फांद्यांचं छत असलं की दव जवळपास पडतच नाही. मुखापासून दोनतीनशे मीटर बाजूला सरका, मतलईचा जोर ओसरतो. एवढं केलं तर फ्लीस सॅकमध्येच राहते. तसंही नुसत्या फ्लीसमधून वारा आरपार जातो, म्हणजे विंडचीटर लागणारच, मग दोन्हीचं ओझं का?

(सुरूखाली सांगतोय, माडाखाली नव्हे. नारळ कुणाची झोपमोड झाली ते बघत नाही.)

मतलई
दोन्ही लागतात ते त्यासाठीच. फ्लीस हवा धरून ठेवते, विंडचीटर ती हवा हलू देत नाही. नुसता विंडचीटर घालून झोपून बघा: आतून घामाने ओला, बाहेरून दवाने ओला, मधे तुम्ही. पावसाळी कापडाचा, आतून रबरासारखा लेप असलेला असेल तर तासाभरात आतलं अस्तर अंगाला चिकटतं.

बनाचा मुद्दा खरा आहे. फक्त सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर झटकन पेट घेतो, तिथे स्टोव्ह पेटवायचा नाही. चहा पुळणीवर करून आणायचा. आणि प्रत्येक पुळणीला बन नसतं.

खाडीपलीकडचा
अहो, तुम्ही दोघं अंशांवरून भांडताय आणि पंचांग कुणीच बघितलेलं नाही.

होळीचा आणि थंडीचा हिशेब दर वर्षी वेगळा. २०२३ साली होळी ६ मार्चला होती, २०२४ साली २४ मार्चला. अठरा दिवसांचा फरक! लवकरच्या होळीला पहाटे अंगावर काटा येतो, उशिराच्या होळीला घामोळं. म्हण आहे म्हणून स्वेटर काढायचा की ठेवायचा ते ठरत नाही.

दुसरं महत्त्वाचं. होळी पौर्णिमेला. सुट्टी म्हणून नेमके त्याच रात्री लोक पुळणीवर झोपायला येतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: पौर्णिमा पंधरावी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती, आणि तीही उधाणाची. संध्याकाळी सहाला बघितलं तेव्हा पाणी लांब होतं म्हणून खाली तंबू ठोकलेला असतो. मध्यरात्री सॅक भिजली की तुमची फ्लीस, लोकर, लुंगी सगळं एकाच भावात. अष्टमीला आलात तर भांग असतो, पाणी फार वर चढत नाही, पण भरती सहाला.

खूण सांगतो. शेवटच्या उधाणाने आणून टाकलेला काटक्या-शेवाळ-शिंपल्यांचा जो पट्टा दिसतो, त्याच्याही वर, जिथे मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) सुरू होते तिथे जा. आणि वाळूत बोट खुपसून बघा. दोन पेरांवर ओल लागली तर जागा बदला. कोरडी वाळू उष्णता अडवते, ओली वाळू खेचून घेते.

हलकी_पाठ
वरच्या प्रतिसादात खरा मुद्दा येऊन गेला, तो असा हातचा जाऊ देऊ नका. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅग असो की गोधडी, अंगाखाली दाबला गेलेला भाग कामाचा राहत नाही, कारण त्यातली हवाच निघून जाते. दहा मिलिमीटरची फोमची मॅट घ्या. खांद्यापासून कमरेपर्यंतची कापून घेतली तरी चालते, पाय रिकाम्या सॅकवर. दीड-दोनशे ग्रॅममध्ये काम होतं. फ्लीस की नाही यावर एवढी शाई सांडण्यापेक्षा हा कपडा (हो, मी मॅटला कपडाच म्हणतो) आधी घ्या.

लोकरीचा पीळ
फ्लीसवाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, एक टक्कासुद्धा नाही, हे कौतुकाने सांगतात. पण मग हवेतली ओल जाते कुठे? कापडाच्या अंगावर थेंब होऊन बसते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल आत मुरवून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दमट हवेत पातळ लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा बनियन हा फ्लीसपेक्षा सरस. घामाचा वासही दुसऱ्या दिवशी कमी. शिवाय शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर करपते आणि थांबते, फ्लीसला भोक पडतं.

घोंगडीचं नाव मी काढत नाही. मेंढपाळाला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण दोन किलो पाठीवर घेऊन सडा चढायचा तर मेंढ्यांनीही नको म्हणावं. आणि सोलापुरी चादर आणणाऱ्यांनी ती बसच्या प्रवासात वापरावी. किलोभर सूत, दव पिऊन दीड किलो.

मतलई
लोकर भिजली की वाळत नाही, हे सोयीस्करपणे गाळलंत. फ्लीस पिळून, झटकून, पंच्यात गुंडाळून दाबली की अर्ध्या तासात अंगावर घालण्याजोगी होते. खाडी ओलांडताना होडीत पाणी उडालं तर तुमचा बनियन दुपारपर्यंत तसाच. आणि किनाऱ्यावर शेकोटीचं उदाहरण देऊ नका. वेळास, केळशी, आंजर्ले ही सगळी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असणारी पुळण आहे, फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडण्याचा काळ. पिल्लं उजेडाकडे धावतात. रात्री शेकोटी नाही, पांढरा टॉर्च नाही. 'गरम कपडे कशाला, शेकोटी पेटवू' असं म्हणणाऱ्यांसाठी तर फ्लीस सक्तीची करावी.

लोकरीचा पीळ
पिळून झटकून वाळते ती गोड्या पाण्याने भिजलेली.

हलकी_पाठ
बरोबर, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. मीठ ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता त्याच्या वर असतेच. समुद्रात भिजलेला टीशर्ट दुपारी कडक वाळतो आणि रात्री नऊला पुन्हा दमट, पाणी लागलेलं नसताना. घामातल्या मिठाचंही तेच. म्हणून दिवसभर घातलेला कपडा 'वाळलाय की' म्हणत झोपताना घालू नये. अर्धा लिटर गोड्या पाण्यात खळबळून घेतला तरी फरक पडतो, पण ते पाणी गावातल्या विहिरीवर, सॅकमधलं नव्हे.

म्हणून झोपायचा जोड वेगळा. पूर्ण बाह्यांचा पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचा टीशर्ट, सैल पायजमा, एक जोड कोरडे मोजे. साडेतीनशे-चारशे ग्रॅम. कचऱ्याच्या जाड पिशवीत घालून, हवा काढून, तोंड दोनदा पिळून दुमडायचं. नुसती गाठ मारली तर पाणी शिरतं. ही पिशवी सॅकच्या तळाला, विंडचीटर सगळ्यात वर. सॅकचं रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं, तिथून घाम आत झिरपतो. त्यामुळे रेनकव्हर आहे म्हणून पिशवी नको, हे चालत नाही.

जांभादगड
म्हणजे फिरून माझ्याच 'कोरडा कपडा'वर आलात!

हलकी_पाठ
आलो, पण तुमचा सुती होता.

जांभादगड
बरं, सुती मागे घेतो. लुंगी मागे घेणार नाही. ती अंथरूण, पांघरूण, आडोसा आणि दुपारी डोक्यावरची सावली आहे. एका वस्तूची चार कामं.

फ्लीसबद्दल एवढंच: फेब्रुवारीत आणि लवकरच्या होळीला, उघड्यावर किंवा खाडीच्या मुखाशी झोपणार असाल तर न्या. १५ मार्चनंतर न्यायची नाही. त्या दिवसांत कोकणात उष्णतेच्या लाटाही येतात. किनाऱ्यावरच्या ठिकाणी कमाल तापमान ३७ अंशांपुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान खातं तशी घोषणा करतं. त्या हवेत अडीचशे ग्रॅमच्या जागी एक पाण्याची छोटी बाटली कधीही बरी.

मतलई
तारीख ठरवून टाकणं मला अजूनही पटत नाही. निघायच्या आधीच्या तीन रात्रींचं किमान तापमान बघा. १९ किंवा खाली असेल आणि आभाळ निरभ्र, तर फ्लीस घ्या. २२ च्या वर असेल तर ठेवा. मधलं असेल तर मुक्काम कुठे, यावर. आणि तंबूवाल्यांनो, दारं बंद करून ऊब धरू नका. दोन माणसांचा श्वास आतल्या कापडावर पाणी होऊन पहाटे तोंडावर टपकतो. दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या हव्यात. आत कमी ऊब, पण पांघरूण कोरडं. सकाळी तंबू गुंडाळण्याआधी पंच्याने पुसा, नाहीतर अर्धा लिटर दव पाठीवर घेऊन निघाल.

नवखी_वाट
सगळं वाचलं, धन्यवाद. दहा वर्षांची मुलगी बरोबर येणार आहे, मार्चचा पहिला आठवडा, मुक्काम आंजर्ल्याला. तिच्यासाठी वेगळं काही?

खाडीपलीकडचा
ताई, तिच्यासाठी फ्लीस न्याच, वाद घालणाऱ्यांना घालू दे. वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असतो, ती लवकर गार पडतात. आणि संध्याकाळी पाण्यात शिरल्याशिवाय ती राहणार नाही, त्यामुळे तिचे कोरडे जोड दोन धरा, एक नाही. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पाण्याबाहेर काढा. आधी केस पुसा, मग कपडे. कानटोपी पातळ सुती नको, विणलेली घ्या. एवढीच एक जुन्या यादीतली ठेवा.

जांभादगड
कानटोपीला माझाही विरोध नाही. पन्नास ग्रॅम.