मदत हवी आहे: मनोरुग्ण वॉर्ड, दहाचा ओटी ग्रुप, कुणी बसतच नाही

निळी_शाई:
लवकर उत्तर हवंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे रोजच्या कामांतून पेशंटवर उपचार करणारी. सांगलीजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात मनोरुग्णांच्या वॉर्डला आहे (नाव विचारू नका). रोज सकाळी दहाला ग्रुप घ्यायचा असतो. माणसं येत नाहीत. आणली तर बसत नाहीत, बसली तर टेबलावर डोकं टेकून झोपतात. काहीजण नुसत्या येरझाऱ्या घालतात. सिस्टर म्हणतात, झोपू द्या की मॅडम. सर म्हणतात, हॉल भरलेला दिसला पाहिजे, नातेवाईक बघतात. रंग आहेत, चित्रांची पुस्तकं आहेत, कॅरम आहे, सगळं करून झालं. सोमवारी सर स्वतः येऊन बसणार आहेत. तोवर काहीतरी सांगा. योगा सुचवू नका, त्याला वेगळ्या मॅडम आहेत.

गावभाग:
म्हणजे फिजिओथेरपीच ना? आमच्या आईचा डावा गुडघा जिना उतरताना लई दुखतोय. सांधा बदलायचा का आधी व्यायाम करून बघायचा?

निळी_शाई:
फिजिओ नाही हो. धागा भरकटवू नका प्लीज.

प्राणवायू:
योगा नको म्हणालात, पण अनुलोम-विलोम म्हणजे आसनं नव्हेत, प्राणायाम. मी बँकेतून रिटायर झाल्यापासून रोज करतो, झोपेची गोळी सुटली. तुमच्या पेशंटना सुरुवातीला दहा मिनिटं ओंकार म्हणायला लावा, आपोआप बसतील.

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
मी ओटीच. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात नोकरी केली, आता साताऱ्यात घरी असते. ताई, तुम्ही हॉलमध्ये काय काय सामान आहे ते सांगितलंत, माणसं कोण आहेत ते सांगितलंच नाहीत. नवीन ॲडमिट आहेत की वर्षानुवर्षं पडून आहेत? बायका की पुरुष? सकाळची औषधं किती वाजता देतात? दहाला वॉर्डात आणखी काय चालू असतं? आणि ग्रुपला कोण येणार हे कोण ठरवतं, तुम्ही की आयाबाई?

निळी_शाई:
मिक्स आहेत. जास्त स्किझोफ्रेनिया, थोडे बायपोलर, दारूवाले वेगळ्या वॉर्डात. औषधं नाश्त्यानंतर. बाकी नेहमीचंच. सोमवारसाठी एखादी चांगली ॲक्टिव्हिटी सांगा ना.

कराडची_सिस्टर:
नेहमीचंच म्हणे! त्या नेहमीच्यातच सगळं आहे. मी अशाच वॉर्डात ड्यूट्या केल्यात, मी सांगते. पहाटे उठवायचं, दात घासून घ्यायचे, चहा, आंघोळी, नाश्ता, मग ट्रॉली घेऊन औषधं, आणि गोळी खरंच गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचं. तेवढ्यात राउंड. ज्यांची ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन उपचार) आहे ते रात्रीपासून उपाशी, आणि भूल देऊन झाली की उठल्यावर त्यांना आपलं गाव कुठलं तेही पटकन आठवत नाही. सकाळच्या डोसची गुंगी दहाला अगदी भरात असते. अशा वेळी तुम्ही हाक मारणार, "चला, कागदाची फुलं करूया." मग सिस्टर "झोपू द्या" म्हणते, ते आळसानं नव्हे.

निळी_शाई:
मान्य, पण वेळ सरांनी ठरवलीय.

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
मग सरांनाच सांगायचं. आणि त्या येरझाऱ्या घालणाऱ्यांना नीट बघा. माणूस बसतो, लगेच उठतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहतो, "आतून कसंतरी होतंय" म्हणतो. तो तुमचा ग्रुप टाळत नाहीये. मानसिक आजाराच्या काही औषधांनी असं होतं, अकॅथिशिया. शिकला असालच. ते नोंदीत लिहा आणि राउंडला डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस किंवा औषध बदललं की बऱ्याचदा तोच माणूस निवांत बसतो. ग्रुपमध्ये कोण किती वेळ बसू शकलं हे आपल्याला दिसतं तेवढं राउंडला दिसत नाही.

तरुण_ओटी_नागपूर:
मॅडमशी सहमत, पण ॲसेसमेंटशिवाय ग्रुप लावणं म्हणजे अंधारात दगड. प्रत्येकाचं ॲलन कॉग्निटिव्ह लेव्हल स्क्रीनिंग करा, म्हणजे समज किती चालते ते बघणारी चाचणी. चामड्याच्या तुकड्यावर तीन प्रकारचे टाके घालायला द्यायचे, साधा धावता, मग कडेवरून गुंडाळून, शेवटी गुंतागुंतीचा. कोण दाखवल्यावर करतो, कोण स्वतः चूक शोधतो, लगेच कळतं. त्यावरून लेव्हलप्रमाणे तीन ग्रुप. माणसाची आवड, सवयी, क्षमता बघणारं कील्हॉफनरचं मॉडेलही वापरा, त्यातली आवडीची चेकलिस्ट.

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
स्क्रीनिंग चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण ताई एकट्या आहेत आणि सोमवार तोंडावर आलाय. किट मागवायला आधी खरेदीची सही लागते.

तरुण_ओटी_नागपूर:
किट नाही म्हणून अंदाजपंचे थेरपी करायची का? यामुळेच आपल्या व्यवसायाला कुणी विचारत नाही.

तासगाव_बेदाणा:
मी थेरपिस्ट नाही. मी अशा वॉर्डात पेशंट म्हणून राहून आलोय, म्हणून लिहितो. आमची द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी माझ्या हातची असते. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे ते झोपेतबी सांगीन. तिथं मला मोराचं चित्र रंगवायला दिलं. औषधानं हात कापत होते, रंग रेघेबाहेर जायला लागला. शेजारी बसलेला मास्तर होता, शाळेत पोरांच्या चित्रांना मार्क देणारा. त्योबी तसलाच मोर रंगवायलेला. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंबी उठलो. फाईलवर लिहिलं असंल, सहभाग घेत नाही. नंतर एका ब्रदरनं मला धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला मागितलं, "दादा, हात लावता का?" म्हणून. त्याच्यासंगं मी अर्धा तास उभा होतो. मॅडम, तुमची माणसं घरी काय कामं करत होती, ते विचारलंय का कधी?

निळी_शाई:
फाईलमध्ये व्यवसाय लिहिलेला असतो. बहुतेकांच्या पुढे "शेती" किंवा "गृहिणी" एवढंच आहे.

कराडची_सिस्टर:
गृहिणी म्हणजे काय ते तुमच्या नाश्त्याच्या आंबोळीवाल्या मावशींना विचारा.

जुनं_ते_सोनं:
तासगावकरांनी बरोबर सांगितलं. पूर्वी मोठ्या मनोरुग्णालयांत शेती, हातमाग, सुतारकाम सगळं चालायचं. पेशंट घाम गाळायचा आणि रात्री गोळीशिवाय झोपायचा. आता कायद्यानं सगळं बंद पाडलं. वॉर्ड झाडायला लावा, भांडी घासायला लावा, बघा कशी माणसात येतात.

काळा_कोट_सातारा:
कायद्यानं काम बंद पाडलेलं नाही, सक्ती बंद पाडली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. कलम २० वाचा. पेशंटला काम करायला भाग पाडता येत नाही, आणि त्यानं काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. वॉर्ड झाडायला लावाल तर उद्या कुणी तक्रार केली की मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढं उत्तर द्यायला जावं लागेल.

जुनं_ते_सोनं:
म्हणजे स्वतःचा कप विसळायला सांगितला तरी पगार द्यायचा का वकीलसाहेब?

काळा_कोट_सातारा:
मी तसं कुठं म्हटलं?

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
दोघंही थांबा. त्याचा कप, त्याची चादर, त्याचे केस, हे त्याला घरी गेल्यावर करायचंच आहे. ते आमचं काम. हॉस्पिटलची फरशी पुसून घेतली की सफाईवाल्याचा पगार वाचतो, ती थेरपी नाही. त्याला "नको" म्हणता येतं का, आणि ते काम संपल्यावर फायदा कुणाला, एवढं विचारलं की बहुतेक वेळा कळतं. चादरींच्या घड्या मधल्या आहेत. एका दिवशी एकाला हात लावायला बोलावणं ठीक. रोज त्याच माणसाच्या गळ्यात धोबीघाट घातला की प्रकार बदलला.

फलटण_मायणी_एसटी:
ओटीचा विषय निघालाच आहे म्हणून, सातारा जिल्ह्याचा संबंध कुणाला ठाऊक आहे का? भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईत केईएमला कमला निंबकर यांनी सुरू केलं. मूळच्या अमेरिकन बाई. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. फलटणच्या शेती संशोधनातले निंबकर त्यांचे चिरंजीव, आणि फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची.

गावभाग:
ती शाळा बघितलीय. त्या बाई गुडघ्यावरबी औषध द्यायच्या का?

निळी_शाई:
छान माहिती, पण माझा सोमवार!!

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
सांगते. हॉल भरायचा नाद सोडा. दुपारच्या झोपेनंतर, चहाच्या सुमारास, फक्त चार-पाच जण. आदल्या दिवशी पलंगापाशी जाऊन एकेकाला विचारायचं, "उद्या चहाबरोबर भडंग करूया, याल का?" आला तर आला. पंचवीस मिनिटांत संपवायचं.
भडंग का, तर त्यात सगळ्यांना काम आहे. एकानं वाटीनं मुरमुरे मोजायचे, एकानं निवडायचे, एकानं तिखट-मीठ-साखर क्रमानं घालायची, एकानं मोठ्या पातेल्यात दोन्ही हातांनी कालवायचं. ज्याचा हात कापतो त्याला पातेलं द्या. कालवताना कंप दिसत नाही आणि हात भरलेले राहतात. जो बोलत नाही त्याला द्रोण वाटायला द्या. प्रत्येकासमोर एकदा उभं राहावं लागतं, बोलणं आपोआप होतं. फोडणी किचनमधून करून आणायची, गॅस-सुरी वॉर्डात नको. आणि शेजारी बसून तुम्ही बघायचं: सांगितलेल्या दोन पायऱ्या लक्षात राहतात का, मीठ दोनदा पडलं तर कुणाच्या ध्यानात येतं का, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत दम निघतो का. नागपूरकर, तुमचं स्क्रीनिंग यातही थोडं होतं बघा.

तरुण_ओटी_नागपूर:
निरीक्षण होतं, स्कोअर येत नाही. असो.

कराडची_सिस्टर:
शेंगदाणे नकोत!! या औषधांनी काहींना गिळायला त्रास होतो, काहींची लाळ गळते, घाईघाईनं खाणारे असतात. घशात अडकलं तर सोमवारी सर बघतील ते वेगळंच काहीतरी. कोण काय खाऊ शकतं ते ड्यूटीवरच्या सिस्टरकडून आधी लिहून घ्या. साखरवाले पण विचारा.

जयसिंगपूर_नाका:
शेंगदाण्याशिवाय भडंग? त्याला चिरमुरे म्हणा. लसूण तरी घालणार आहात का?

तासगाव_बेदाणा:
आमच्याकडचे बेदाणे घाला. मऊ असतात. निवडायला पण होतील, देठ काढायचं काम कुणालाबी जमतं.

कराडची_सिस्टर:
बेदाणे चालतील, थोडे. पण ज्याला गिळायचा त्रास आहे त्याला बेदाणे-मुरमुरे दोन्ही नकोत, त्याला केळं कुस्करायला द्या.

बहिणीसाठी:
मध्येच विचारते, माफ करा. माझी बहीण डिस्चार्ज होऊन घरी आलीय, दिवसभर झोपून असते, आंघोळ पण सांगावी लागते. तिला पण हे असलं काही करता येईल का? की पुन्हा ॲडमिट करू?

अजिंक्यतारा_पायथ्याशी:
आधी ज्या डॉक्टरांचं औषध चालू आहे त्यांना सांगा. औषधाची सुस्ती आहे की आजारातली, हे तेच बघतील. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फोनवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. घरी एकच काम तिचं ठरवा, देवापुढची वात म्हणा, आणि ते दुसऱ्या कुणी करू नका, उशीर झाला तरी. सविस्तर वेगळा धागा काढा, तिथं लिहिते.

निळी_शाई:
सरांशी बोलले. दुपारची वेळ एकदम नाही म्हणाले, कारण चारला नातेवाईक भेटायला येतात. मग मीच म्हटलं, तीनला घेते, म्हणजे नातेवाईक आल्यावर पेशंट त्यांना द्रोण देतील. हे त्यांना पटलं. सकाळचा ग्रुप मात्र बंद करायला तयार नाहीत, म्हणून दहाला आता ज्यांना गुंगी नाही तेवढ्यांनाच नेणार, आणि बाकीच्यांपुढे "गैरहजर" न लिहिता कारण लिहिणार. एकजण सतत उभ्या उभ्या पाय हलवत होते, त्यांचं राउंडला सांगितलं, डॉक्टरांनी औषधांचा कागद मागवून घेतला. व्यवसायही परत विचारले. "शेती"वाल्यांत एक हळदीचे हमाल निघाले, एक कुंभार, आणि एक बाई गावच्या लग्नांत तीनशे माणसांचा स्वयंपाक उचलतात.
आता दुसरी अडचण. कुंभारकाकांसाठी माती मिळेल, पण पुढच्या आठवड्यात वाती आणि शिवण काढायचं आहे आणि सिस्टर कात्रीला हात लावू देत नाहीत. कात्री-सुया मोजून देण्याघेण्याच्या वहीचा नमुना आहे का कुणाकडे?

कराडची_सिस्टर:
वहीत असे रकाने पाडा: तारीख, वस्तू, देताना नग, कुणाच्या हातात, परत घेताना नग, तुमची सही, ड्यूटी सिस्टरची सही. कात्री गोल टोकाची घ्या, हत्याराला रंगीत सुतळी बांधा, मोजायला सोपं जातं. सुया बोथट, लोकरीच्या. नग जुळल्याशिवाय हॉलमधून कुणी उठायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि वही तुमच्या कपाटात नको, ती नर्सिंग स्टेशनवर ठेवा. मग बघा, कात्री मिळते की नाही.